पिकअपमागे कॅरॅव्हॅन : ओढण्याआधी पेलण्याचं गणित

सह्यवाटा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. डबल कॅब पिकअपमागे लहान कॅरॅव्हॅन ट्रेलर (आत राहता येईल असा) जोडायचा विचार आहे. पुण्यातून बाहेर पडलं की ताम्हिणी, वरंधा, खंबाटकी, बोरघाट यांपैकी एक तरी वाट्याला येतोच, त्यामुळे घाट धरूनच सल्ला हवा आहे.

आकडे असे. पिकअपचं रिकामं वजन १९५० किलो (पुढच्या आखावर ११३०, मागच्यावर ८२०). एकूण कमाल वजन २६०० किलो, मागच्या आखाची मर्यादा १४५० किलो. व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या आखांमधलं अंतर) ३.१ मीटर. मागच्या आखापासून हिचच्या (ट्रेलर जोडायच्या सांगाड्याच्या) बॉलपर्यंत १.२५ मीटर. माणसं चार. हौद्यावर फायबरचं झाकण आहे, ते ८० किलोचं. सामान, फ्रिज वगैरे मिळून ११५ किलो. हिचचा सांगाडा ३० किलो.

एका आखाचे दोन ट्रेलर डोळ्यासमोर आहेत. एक भरून १२०० किलोचा, दुसरा भरून १६०० किलोचा. अशा पिकअप परदेशात ३५०० किलो ओढतात असं सगळीकडे वाचतो. मग १६०० घ्यायला हरकत काय?

काटेकोर

तो ३५०० चा आकडा आधी बाजूला ठेवा, कारण तो आपल्यासाठी नाही. इसुझू डी-मॅक्स किंवा टोयोटा हायलक्सची ऑस्ट्रेलियातली फोर-बाय-फोर मॉडेलं ब्रेक असलेला ३५०० किलोचा ट्रेलर ओढायला मान्यता घेऊन येतात. ब्रेक नसेल तर तिथेच, त्याच गाडीला मर्यादा ७५० किलोची. आकड्याला कंपनीचं त्या देशातलं हिच, तिथलं इंजिन, तिथले पाटे (मागच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) आणि तिथली एकत्रित वजनाची मर्यादा, हे सगळं चिकटलेलं असतं. आपल्याकडच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये जो आकडा छापला असेल तोच तुमचा. छापलाच नसेल तर कंपनीकडून लेखी घ्या. शोरूममधल्या तोंडी उत्तराला घाटात किंमत नाही.

आता मूळ मुद्दा. ओढणं आणि पेलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ट्रेलर नुसता मागून येत नाही, त्याचा दांडा तुमच्या हिचवर दाबून बसतो. ते वजन पिकअपच्या पेलण्याच्या कोट्यातून जातं, आणि ओढण्याची ताकद शिल्लक असतानाच बहुतेक वेळा हा कोटा संपतो.

तुमचंच गणित करू. २६०० वजा १९५० म्हणजे कोटा ६५० किलो. माणसं चार, सरासरी ७० धरून २८०. झाकण ८०, हिच ३०, सामान ११५. बेरीज ५०५. उरले १४५ किलो. ट्रेलर अजून जोडलेलाही नाही.

१२०० च्या ट्रेलरचा दहा टक्के भार दांड्यावर धरला तर १२० किलो. १४५ मध्ये बसला, २५ उरले. पण थांबा, हे १२० किलो आखाच्या बरोबर वर पडत नाहीत, सव्वा मीटर मागे पडतात. तरफेसारखं होतं: पुढचा आख उचलला जातो आणि मागच्यावर १२० पेक्षा जास्त येतं. पुढचा किती हलका होतो? १२० गुणिले १.२५ भागिले ३.१, म्हणजे ४८ किलो. मागच्यावर १२० अधिक ४८, म्हणजे १६८.

माणसं आणि सामान जागच्या जागी धरून मोजलं तर ट्रेलरशिवाय पुढे साधारण १२२८, मागे १२२७ येतात. ट्रेलर जोडल्यावर पुढे ११८०, मागे १३९५, एकूण २५७५. दोन्ही मर्यादांच्या आत. बसतं, पण कुशीवर वळायला जागा नाही.

आता १६०० चा. दहा टक्के म्हणजे १६०. पुढचा आख ६४ किलोने हलका, मागच्यावर २२४ ची भर. मागे १४५१, एकूण २६१५. दोन्ही मर्यादा ओलांडल्या. इंजिनाला काही कळणारही नाही, ते दोन्ही ट्रेलर सारख्याच सहजतेने ओढेल. कळेल ते मागच्या टायरला, मागच्या बेअरिंगला आणि हलक्या झालेल्या स्टिअरिंगला.

बारामतीकर

काटेकोर यांनी सांगितलेलं ज्याने बैलगाडी भरली आहे त्याला लगेच उमगेल. माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उठतं. माल पुढे जास्त झाला की धुरजड, मग बैलांच्या माना दबतात. कॅरॅव्हॅनचं अगदी तेच आहे. फरक एवढाच की बैलगाडी उलाळ झाली तर बैल थांबतात, आणि ८० च्या वेगातली कॅरॅव्हॅन उलाळ असली तर ती शेपटीसारखी हलायला लागते.

दहा टक्के कशासाठी, हे म्हणून समजून घ्या. दांड्यावर भार कमी पडला की ट्रेलर डावी-उजवीकडे डुलतो. एका विशिष्ट वेगाच्या वर हे डुलणं आपोआप थांबत नाही, प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होतो. दांडा जितका हलका आणि वजन आखापासून जितकं दूर, तितका तो वेग खाली येतो.

मुळामुठा

युरोपात ५ ते ७ टक्के चालतात ना? तिथे कित्येक गाड्यांच्या बॉलची मर्यादाच ७५ ते १०० किलोची असते.

बारामतीकर

चालतात, कारण तिथे सगळी रचनाच त्याभोवती बेतलेली असते. वेगमर्यादा कमी (जर्मनीत कॅरॅव्हॅन ओढताना मुळात ताशी ८०), ट्रेलरचा आख जवळपास मध्यावर, कपलिंगमध्ये (दांड्याच्या टोकाचा, बॉलवर बसणारा भाग) घर्षणाने डुलणं रोखणारा स्टॅबिलायझर. अमेरिकेत १० ते १५ टक्के सांगतात. आपल्याकडे गावाबाहेर पडताच स्पीडब्रेकर, त्यापुढे खड्डा, आणि शेजारून वारा कापत जाणारी व्होल्वो. ७ टक्के ठेवून पुण्याबाहेर निघू नका. ८ ते १० ठेवा, पण हिचवर शिक्का मारलेल्या उभ्या भाराच्या मर्यादेत. ती मर्यादा १०० असेल तर १२० किलो दांडा चालणार नाही, मग पिकअपचा कोटा कितीही उरलेला असो.

काटेकोर

सहमत. आणि तो भार ठरवतो ट्रेलरचा आख कुठे बसवला आहे ते. हिशोब सोपा आहे. ट्रेलरचं वजन गुणिले गुरुत्वमध्य आखाच्या किती पुढे आहे ते अंतर, भागिले कपलिंगपासून आखापर्यंतचं अंतर. १२०० किलो, कपलिंग ते आख ३.६ मीटर, गुरुत्वमध्य आखाच्या ३६ सेंटीमीटर पुढे असला की बरोबर १२०.

म्हणजे सामान सरकवलं तरी सगळं बदलतं. १०० किलो सामान १.८ मीटर पुढे नेलं की दांड्यावर ५० किलो वाढतात. ट्रेलर तोच, १२०० किलोचाच, पण १२० चे १७० झाले. वरचं गणित पुन्हा केलं तर मागचा आख १४६६, एकूण २६२५. मर्यादा ओलांडल्या, आणि एक किलोही जास्त भरलेलं नाही. उलट दिशेनेही तसंच. दोन सायकली आणि त्यांचा स्टँड मिळून ४५ किलो, आखाच्या २ मीटर मागे टांगले की दांड्यावरचे २५ किलो कमी होतात.

पाण्याची टाकी म्हणून आखाच्या वरच हवी. ८० लिटर म्हणजे ८० किलो. टाकी आखावर असेल तर भरली काय, रिकामी काय, दांड्याला फरक पडत नाही. आणि अर्धी भरून निघू नका. पूर्ण भरा किंवा रिकामी करा. अर्ध्या टाकीतलं पाणी प्रत्येक वळणाला उलट बाजूला धावतं.

सह्यवाटा

हे वजन मोजायचं कसं? बनवणारा "रिकामा ८८०" म्हणतो, ते मानायचं का?

पत्रा_आणि_पाइप

मानू नका. तो बहुतेक नुसत्या सांगाड्याचं आणि बाहेरच्या कवचाचं वजन सांगत असतो. आतलं फर्निचर झाल्यावर गाडी काट्यावर चढवा म्हणावं.

वजन वाढतं कुठे ते सांगतो, कारण भोसरीत असो की वाघोलीत, ट्रेलर घडवून घेताना याच गोष्टी हाताबाहेर जातात.

५० बाय ५० चा ३ मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप मीटरमागे सव्वाचार किलो भरतो. आडवे-उभे मिळून ६० मीटर लागले की २५५ किलो. भिंतींना १.२ मिलिमीटरचा लोखंडी पत्रा मारला तर चौरस मीटरला साडेनऊ किलो. तिथे ३ मिलिमीटरचा अॅल्युमिनियम कॉम्पोझिट वापरला तर चारच्या आसपास. चार भिंती आणि छत मिळून तीस चौरस मीटर धरा आणि फरक स्वतः काढा.

त्याहून मोठी चूक फर्निचरची. घराचं काम करणारा सुतार सवयीने १८ मिलिमीटरचा प्लाय घेतो. आठ बाय चारचं एक पान ३२ ते ३७ किलोचं. आठ पानं म्हणजे पावणेतीनशे किलो, नुसती कपाटं आणि बाकडी. ट्रेलरला १२ चा प्लायही पुष्कळ होतो. फळ्यांना कडेने चौकट आणि मध्ये हलका फोम केला तर आणखी खाली येतं. ओट्याला ग्रॅनाइट किंवा कडाप्पा कुणी सुचवला तर ठाम नाही म्हणा. १८ मिलिमीटरचा ग्रॅनाइट चौरस मीटरला ४८ किलो.

नंतर उरलेल्या वस्तू. १४.२ किलोचा घरगुती सिलेंडर भरलेला तीस किलोच्या आसपास जातो, त्यापेक्षा ५ किलोवाला बरा. इन्व्हर्टरची १५० एएच ट्युब्युलर बॅटरी ५० किलोच्या वर. लिथियम आयर्न फॉस्फेटची १०० एएच बॅटरी १२-१३ किलो, आणि तिच्यातली जवळपास सगळी वीज वापरता येते. पैसे खर्च करायचे असतील तर ते इथे करा.

काटेकोर

मोजण्याबद्दल. मार्केटयार्ड, निगडीची ट्रान्सपोर्टनगरी, चाकण, कुठल्याही वजनकाट्यावर हे होतं. गर्दी नसताना जा आणि काटेवाल्याला आधी सांगून ठेवा की तीन चिठ्ठ्या लागतील.

पहिली: पिकअप एकटं. चारही माणसं आत, सामान भरलेलं, डिझेलची टाकी पूर्ण. ट्रेलर सोडलेला. तुमच्या गणिताप्रमाणे २४५५ यायला हवं.
दुसरी: ट्रेलर जोडलेला, पण काट्यावर फक्त पिकअपची चार चाकं. २५७५.
तिसरी: सगळं काट्यावर. ३६५५.

दुसऱ्यातून पहिली वजा केली की दांड्याचा भार. तिसऱ्यातून पहिली वजा केली की ट्रेलरचं खरं वजन. तिसऱ्यातून दुसरी वजा केली की ट्रेलरच्या आखावरचा भार, म्हणजे टायरसाठीचा आकडा. काटेवाला तयार असेल तर चौथी चिठ्ठी घ्या, ट्रेलर जोडून फक्त पिकअपचा मागचा आख काट्यावर. १४५० ची मर्यादा त्याशिवाय कळत नाही. काट्याच्या दोन्ही बाजूंची जमीन काट्याच्या पातळीत हवी, नाहीतर ट्रेलर वाकडा उभा राहून आकडे फिरतात.

एक अडचण आहे. मोठे काटे ५ किंवा १० किलोच्या टप्प्याने दाखवतात. १० च्या टप्प्यावर दोन चिठ्ठ्यांची वजाबाकी केली की दांड्याच्या १२० मध्ये दहाएक किलोची चूक सहज राहते. म्हणून दांडा वेगळा मोजा, घरच्या माणसं मोजायच्या काट्यावर. तो १२०-१५० पर्यंतच जातो, तेव्हा तरफ वापरा. एक भक्कम फळी, एका टोकाखाली विटेवर आडवा गोल पाइप, दुसऱ्या टोकाखाली काटा आणि त्यावर दुसरा पाइप. दांडा फळीवर अशा जागी टेकवा की विटेकडच्या पाइपपासून ३० आणि काट्याकडच्या पाइपपासून ६० सेंटीमीटर अंतर पडेल. फळीचं वजन आधी शून्य करा. जे दाखवेल त्याला तीनने गुणा. काट्याने ४० दाखवले की १२०. ट्रेलर सपाट जागी, चाकांना पुढून-मागून अडसर, आणि दांड्याची उंची जोडल्यावर असते तितकीच. दांडा उंच धरून मोजला तर आकडा कमी येतो.

मुळामुठा

पाटा वाढवून घेतला तर? टिंबर मार्केटकडे एक-दोन जण सहज करून देतात.

काटेकोर

मागची बाजू बसणार नाही इतकंच. २६०० चे २७०० होत नाहीत. ती मर्यादा पाट्यांवर थांबत नाही, त्यात आखाचं घर, बेअरिंग, चॅसिस, टायर, ब्रेक सगळं येतं. उलट मागची बाजू उंच राहते म्हणून डोळ्यांना धोका दिसेनासा होतो. रिकाम्या गाडीला कडक पाटे, ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी घसरतात, तेही धरा.

घाटमाथा

आता ब्रेक. सगळ्यात जास्त लिहायला हवं ते यावर.

चढाची काळजी सोडा. तुमचा सगळा संच ३६५० किलोचा. दहा टक्के चढावर ताशी ३० ने चढायला सुमारे ३४ किलोवॅट, म्हणजे ४६ हॉर्सपॉवर लागतात. दीडशेच्या पुढच्या डिझेलला ते जड नाही. चढावर अडचण येते ती थांबून पुन्हा निघताना. मॅन्युअल गाडीत क्लच धूर सोडतो तो इथे. फोर-बाय-फोर असेल तर लो रेंजचा (कमी वेग, जास्त जोर) पहिला किंवा दुसरा गिअर टाकून निघा, क्लच लगेच पूर्ण सोडता येतो. कोरड्या डांबरावर मात्र सरळ रेषेतच, आणि गाडी हलली की परत हाय रेंजला, नाहीतर पुढच्या-मागच्या आखांमध्ये ताण अडकतो. युरोपात ओढण्याची मान्यता देताना भरलेला संच १२ टक्के चढावर पाच मिनिटांत पाच वेळा उभ्याने सुटायला लावतात, ते याचसाठी.

खरा प्रश्न उताराचा. ३६५० किलो ३०० मीटर खाली आणायचे म्हणजे सुमारे पावणेअकरा मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी टाकायची. घरातल्या मीटरच्या भाषेत तीन युनिट वीज. ती सगळी ब्रेकमध्ये टाकली आणि डिस्क-ड्रमचं लोखंड मिळून ४० किलो धरलं, तर हवा थंड करेल तेवढं सोडून लोखंड पाचशे अंशांच्या पुढे तापतं. तोपर्यंत ब्रेक फ्लुइड उकळतं. डॉट ३ दर्जाचं फ्लुइड नवं असताना २०५ अंशांना, ओल धरलेलं १४० ला. डॉट ४ नवं २३० ला, ओलं १५५ ला. उकळलं की पेडल तळाला जातं. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार पुण्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. तिथे जड गाड्या सुटतात त्यामागे हीच भौतिकी आहे. उतार डोळ्यांना सौम्य वाटतो, गिअर वरचा राहतो, ब्रेक दाबून धरला जातो.

जुन्या ड्रायव्हरांचा नियम कॅरॅव्हॅनलाही तसाच लागू: ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. गिअर उतार सुरू होण्याआधी घ्या, मध्यावर नाही. ब्रेक दाबून धरू नका. ठाम दाबा, वेग दहाने खाली आणा, पूर्ण सोडा, थंड होऊ द्या.

सह्यवाटा

ट्रेलरला ब्रेक लागेलच का? १२०० ला बनवणारा म्हणतो गरज नाही.

घाटमाथा

त्याच्याकडून घेऊ नका. ७५० च्या वर ब्रेकशिवाय ट्रेलर, तोही सह्याद्रीत, हा विषयच नको.

प्रकार दोन. पहिला ओव्हररन: तुम्ही ब्रेक मारलात की ट्रेलर पुढे ढकलतो, कपलिंगची दांडी आत सरकते आणि रॉड-केबलने ट्रेलरचे ड्रम आवळले जातात. वायरिंग लागत नाही, साधा आणि टिकाऊ. दोष असा की लांब उतारावर गिअरने वेग धरलात तरी ट्रेलर सतत ढकलत असतो, म्हणून त्याचे ड्रम घाटभर थोडे आवळलेलेच राहतात आणि तापतात. मोठ्या उतारावर मध्ये थांबून चाकाजवळ हात न्या. रिममधून आच जाणवत असेल तर वीसेक मिनिटं थांबा. पाणी ओतू नका, ड्रमला तडा जातो. कपलिंगच्या आतला डॅम्पर गेला की प्रत्येक ब्रेकला मागून धक्का बसतो, तो बदलायचा. आणि रिव्हर्समध्ये आपोआप सुटणारे ब्रेक शू आहेत ना ते विचारा, नाहीतर चढावर मागे घेताना ट्रेलर स्वतःलाच ब्रेक लावून बसतो.

दुसरा इलेक्ट्रिक: ड्रममध्ये चुंबक, केबिनमध्ये कंट्रोलर. ट्रेलरचा ब्रेक किती लागावा ते तुम्ही ठरवता, आणि फक्त ट्रेलरचाच ब्रेक हाताने लावता येतो. घाटासाठी माझं मत याच्याकडे. खर्च आणि वायरिंग जास्त आहे, ते मान्य करून.

तो हाताचा ब्रेक ट्रेलर डुलायला लागला की उपयोगी पडतो. पिकअपचा ब्रेक मारू नका, स्टिअरिंगने हेलकावे दुरुस्त करू नका, वेग वाढवून सरळ होईल असंही समजू नका. अॅक्सिलरेटर सोडा, चाक सरळ धरा, कंट्रोलरवरून ट्रेलरचा ब्रेक हलका लावा. तो मागून ताणला गेला की सरळ होतो. नंतर बाजूला थांबून कारण शोधा: टायरची हवा, मागे टांगलेलं सामान, दांड्याचा भार.

पत्रा_आणि_पाइप

बॉलबद्दल एक. बाजारात ५० मिलिमीटरचा आणि दोन इंची, म्हणजे ५०.८ चा, असे दोन्ही मिळतात आणि हातात घेऊन फरक कळत नाही. दोन इंची कपलिंगमध्ये ५० चा बॉल सैल बसतो, खडखड करतो आणि झिजतो. ५० च्या कपलिंगवर दोन इंची बॉल घट्ट अडकतो. दोन्हीवर शिक्का वाचा आणि जुळवा. बंपरला वेल्ड केलेला हुक ट्रेलरसाठी नसतो, तो चिखलातून गाडी काढायलाही धड नाही. हिच चॅसिसच्या दोन्ही लांब पट्ट्यांना नटबोल्टने हवं, बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ कोरलेलं असावं. चॅसिसवर वेल्डिंग अजिबात नाही.

हिचच्या पट्टीवर डी-व्हॅल्यू, म्हणजे ओढताना हिच किती ताण झेलेल तो आकडा, किलोन्यूटनमध्ये असते. हिशोब: दोन्ही वजनांचा टनातला गुणाकार, भागिले बेरीज, गुणिले ९.८१. तुमचं २.६ गुणिले १.२ भागिले ३.८, म्हणजे ०.८२, ९.८१ ने गुणून ८ किलोन्यूटन. १६०० च्या ट्रेलरला ९.७. हिच त्यापेक्षा वरचं घ्या. पट्टीच नसेल तर ते हिच घेऊ नका.

सेफ्टी चेन दांड्याखालून फुलीसारख्या ओलांडून लावा, कपलिंग निसटलं तर दांडा त्या झोळीत पडतो, रस्त्यात रुतत नाही. ब्रेकअवे केबल (ट्रेलर सुटला तर त्याचा ब्रेक ओढणारी) बॉलच्या मानेभोवती अडकवू नका, हिचच्या सांगाड्यावर तिची वेगळी कडी हवी.

टायर: ट्रेलरच्या आखावर १०८० किलो, म्हणजे टायरमागे ५४०. लोड इंडेक्स (टायर किती भार पेलतो त्याचा क्रमांक) ८८ म्हणजे ५६० किलो, कागदावर पुरतो, रस्त्यावर नाही. १८५ आर १४ सी, लोड इंडेक्स १०२, टायरमागे ८५० किलो. तोच घ्या. कॅरॅव्हॅनचे टायर झिजण्याआधी उभे राहून म्हातारे होतात, तेव्हा बाजूवरचा चार अंकी आकडा, म्हणजे आठवडा आणि वर्ष, बघूनच घ्या.

मुळामुठा

वायरिंगचं थोडं माझ्याकडून. सात पिनच्या युरोपीय सॉकेटला ठरलेले रंग आहेत. १ पिवळा डावा इंडिकेटर, २ निळा मागचा फॉग, ३ पांढरा अर्थिंग, ४ हिरवा उजवा इंडिकेटर, ५ तपकिरी उजवा टेल, ६ लाल ब्रेक, ७ काळा डावा टेल. इंडिकेटर दिला की ट्रेलरचे सगळे दिवे मंद लुकलुकत असतील तर तीन नंबरचं अर्थिंग सैल आहे, बल्ब बदलत बसू नका.

आतली बॅटरी चालता चालता चार्ज करायची असेल तर जाडी बघा. पुढून मागे ७ मीटर आणि परत ७, अडीच चौरस मिलिमीटरच्या तारेतून १० अँपिअर नेले की जवळपास एक व्होल्ट वाटेतच जातो. १४.२ निघाले, १३.२ पोचले, बॅटरी कधीच भरत नाही. ६ चौरस मिलिमीटर घ्या. लिथियम असेल तर डीसी टू डीसी चार्जर घ्याच, आणि फ्यूज पुढच्या बॅटरीच्या अगदी जवळ.

संगमपूल

कागदांचं बोलायचं राहिलं. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये ट्रेलरची व्याख्या वेगळी आहे आणि ट्रेलर हे स्वतंत्र नोंदणीचं वाहन आहे, पिकअपचं सामान नव्हे. ७५० किलोपर्यंत वर्ग टी-१, त्याच्यावर ३५०० पर्यंत टी-२. तुमचे दोन्ही टी-२ मध्ये येतात.

आगाऊ रक्कम देण्याआधी बनवणाऱ्याकडे या मॉडेलचं टाइप अॅप्रूव्हल (चाचणीनंतर मॉडेलला मिळणारी मान्यता) मागा. विक्रीचा फॉर्म २१ आणि रस्तायोग्यतेचा फॉर्म २२ कुणाच्या नावाने देणार ते विचारा. "आधी बनवू, पासिंगचं नंतर बघू" म्हणाला तर उठून या. एआयएस-१२४ दाखवून कुणी पटवायला लागलं तर लक्षात ठेवा, ते मानक स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या मोटर कॅरॅव्हॅनचं आहे, मागे ओढायच्या ट्रेलरचं नाही. एआरएआय, म्हणजे वाहनांची चाचणी करणारी संस्था, कोथरूडलाच आहे, बनवणारा खरोखर चाचणी करून घेत असेल तर त्याच्याकडे तिथले कागद असतील. गाडीला हिच बसवणं हाही बदलच, तेव्हा कंपनीने मान्य केलेलं हिच घेतलं तर आरटीओत आणि विम्यात उत्तर देता येतं. विम्याच्या पॉलिसीत ट्रेलरचा स्वतंत्र उल्लेख करून घ्या.

सह्यवाटा

सगळ्यांचे मनापासून आभार. म्हणजे १६०० चा विषय संपला?

काटेकोर

एका वाटेने उरतो. हौद्यावरचं ८० किलोचं झाकण उतरवा. ते जवळपास सगळं मागच्या आखावर बसलं आहे. मग एकूण २५३५, मागचा आख १३७१, दोन्ही आत. म्हणजे तुमची निवड १२०० की १६०० अशी नाही. झाकण आणि लहान ट्रेलर, की उघडा हौदा आणि मोठा ट्रेलर, अशी आहे. उघड्या हौद्यात पावसाळ्यात काय ठेवणार याचा विचार करून बघा. ब्रिटनमध्ये नवख्यांना सांगतात की कॅरॅव्हॅनचं भरलेलं वजन गाडीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांत ठेवा. १२०० म्हणजे ६२ टक्के, १६०० म्हणजे ८२. नियमात दोन्ही बसतात, पण वरंध्याच्या वळणात हे दोन आकडे एकसारखे वागत नाहीत. मी १२०० घ्या म्हणेन.

घाटमाथा

माझंही तेच. पहिल्या फेरीला घाट घेऊ नका. सोलापूर रस्त्याने सपाटीवर ८० किलोमीटर जा, वेग ६० च्या वर नेऊ नका. ८० झाले की थांबून चाकांचे नट टॉर्क रेंचने पुन्हा आवळा, समोरासमोरचे जोडीने; नवे नट पहिल्या फेरीत बसून सैल होतात. दोन्ही चाकांच्या हबला (मधल्या भागाला) उलट्या हाताने स्पर्श करा. एक कोमट आणि दुसरा हात ठेवता येणार नाही इतका तापलेला असेल तर त्या बाजूचं बेअरिंग घट्ट आहे किंवा शू घासतो आहे; यांपैकी कोणतं ते जॅकवर उचलून चाक फिरवल्यावर कळतं. ते ठीक असेल तर पुढची फेरी रिकाम्या टाकीने दिवे घाटातून करा, सासवडकडे चढून परत पुण्याकडे उतरा, आणि खाली आल्यावर पुन्हा हब बघा.